शेवटच्या खोलीतला आवाज

९ फेब्रुवारी

नवी वही. जुनी काल भिंतीवर फेकली, तिचा पुठ्ठा सुटला. माझा भागीदार थंड्या म्हणाला, "राग आला की स्वस्तातली वस्तू बघून फेकतोस, एवढा एकच शहाणपणा आहे तुझ्यात." शेजारी किबोर्ड होता आणि तो मी फेकला नाही, हे खरं आहे.

कारण बाबा. फोनवर म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?" तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हापासून ते माझ्याशी दवाखान्यात भेटायला आल्यासारखे बोलतात. हळू, जपून, मधे मधे थांबत. एकदा खणखणीत ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि विषय मिटला असता.

आमची खोली एका लाँड्रीच्या वर आहे. खालची मोठी यंत्रं फिरायला लागली की टेबल थरथरतं आणि थंड्याच्या चहात गोल गोल लाटा उठतात. खिडकीच्या काचेवर कायम वाफ. लाँड्रीवाले काका जिन्यात भेटले की विचारतात, "आम्ही खाली कपडे धुतो, तुम्ही वर नेमकं काय धुता?" थंड्या सांगतो, "हात, काका. कॉलेजवरून धुऊन घेतले, आता घरच्यांवरून." थंड्यानं स्वतः कॉलेज पूर्ण केलंय, म्हणून त्याला असले विनोद सुचतात.

गेमचं नाव 'तुकडे'. एक रिकामं घर आहे, एकीतून दुसरीत उघडणाऱ्या खोल्या. प्रत्येक खोलीत एक आवाज फुटून पडलाय. खुर्ची ओढल्याचा, नळ गळण्याचा, जिना उतरणाऱ्या पावलांचा. सामान ढकलून तुकडे नीट क्रमानं लावले की आवाज सलग वाजतो आणि पुढचं दार उघडतं. बस, एवढंच. गोळीबार नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. कोडी माझी, प्रोग्राम थंड्याचा आणि आवाज कानसेनचे.

कानसेन हे नाव थंड्यानंच ठेवलं. ती एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करते आणि उरलेल्या वेळात आमचं. गाणं येत नाही म्हणते, पण ऐकताना तिचा चेहरा असा होतो की समोरच्यानं खोटं बोलूच नये. मी तिच्यासाठी वेडा आहे. लिहून टाकलं एकदाचं. थंड्याला माहीत आहे, काकांना माहीत आहे. तिला माहीत आहे की नाही, तेवढं माहीत नाही.

१८ फेब्रुवारी

कुलपावरून कडाक्याचं भांडण.

थंड्याचं म्हणणं, इंटरनेटवरच्या मोठ्या दुकानात गेम ठेवू. तिथे गेमला कुलूप असतं. ज्यानं घेतला त्यानं आधी त्यांच्या खात्यात शिरायचं, मग गेम त्यांना विचारणार, हाच का तो, मग उघडणार. मी म्हटलं, "खुर्ची विकत घेतल्यावर बसताना दरवेळी सुताराला फोन करायचा का?"

"खुर्चीची नक्कल होत नाही रे. पहिल्याच आठवड्यात फुकट फिरेल हा."

"फिरू दे. ज्यानं घेतला त्याचा आहे तो. त्यानं तो भावाला द्यावा, माळ्यावर टाकावा, वीस वर्षांनी उघडावा."

याला कारण आहे. मी सातवीत असताना मावशीनं एक गेम दिला होता, खोका, तबकडी, सगळं. दोन वर्षांनी कंपनीनं त्यांचा सर्व्हर बंद केला आणि गेम उघडेना. तबकडी हातात, आत सगळं जागच्या जागी आणि मी बाहेर. मी त्या दिवशी खोक्यावर लाथ मारली होती, अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे.

म्हणून बिनकुलपाचं दुकान. एक बाई नि तिचे दोन मदतनीस चालवतात. तिथून गेम उतरवून घेतला की संपलं, इंटरनेट नको, खातं नको, कुणी विचारणार नाही. कोण खेळतंय, कुठल्या खोलीत अडकलंय, आम्हालाही कळत नाही. मी पुढे जाऊन म्हटलं की आतल्या फाइलीसुद्धा बांधून ठेवायच्या नाहीत. 'आवाज' नावाचं फोल्डर, त्यात सगळे आवाज उघडे. ज्याला बघायचंय त्यानं बघावं आम्ही कसं केलं ते.

कानसेन तोवर वायरी गुंडाळत होती. मग म्हणाली, "मला आवडलं. घेतलेली वस्तू आपली असावी माणसाची." थंड्यानं माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले. "झालं. आता देव आला तरी कुलूप लागत नाही."

५ मार्च

आज जे झालं ते नीट लिहितो.

शेवटच्या खोलीचा आवाज मला सुचत नव्हता. कानसेननं घरचे आवाज आणून दिले होते, भांडी, कपाट, खिडकीची कडी. त्यात एक फाइल फार लांब. देतानाच ती म्हणाली होती, "हिच्यातला पहिला भांड्यांचा तुकडा घे आणि फाइल पुसून टाक. यंत्र चालूच राहिलं माझं, ताई आली होती." मी हो म्हटलं होतं.

पुसायच्या आधी पुढे काय आहे म्हणून बघितलं. तिचा आवाज होता म्हणून. बाकी दोघी बहिणींचं घरगुती बोलणं, नळ चालू, ताई फार हळू बोलते. तिची ताई म्हणजे लग्न झालेली, एक लहान मुलगी आहे तिला. ताईचं बोलणं आलं की मी पुढे ढकलत होतो. आणि मग एके ठिकाणी नळ बंद होतो आणि कानसेन म्हणते,

"तू ये. काही आणू नकोस. दार उघडंच आहे. मी आहे ना."

मी हे किती वेळा ऐकलं सांगत नाही. थंड्या बाहेर गेला होता, बरं झालं. कुणाला का म्हणेना ती. असं म्हणू शकणारी मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून चहा पिते, यापुढे दुसरं काय हवं.

शेवटची खोली मिळाली. चार तुकडे. कोडं असं अवघड करणार की घाईनं खेळणाऱ्याला सुटायचं नाही, पण तिला सुटेल, कारण आवाज तिचा आहे. ती खेळत खेळत तिथे पोचेल, स्वतःलाच ऐकेल आणि तिला कळेल की हे सगळं घर मी कुणासाठी बांधलं. तोंडानं सांगायला गेलो तर माझी जीभ जड होते किंवा मी भांडतो. हे बरं.

७ मार्च

थंड्यानं विचारलं, हा आवाज कधी दिला हिनं. मी म्हटलं, "दिला. शेवटच्या खोलीसाठी खास." तो म्हणाला, तुकडे मूळ फाइलमधूनच उचलतो आपला प्रोग्राम, इथून इथपर्यंत वाजव असं सांगून, म्हणजे ती लांबलचक फाइल अख्खी गेमबरोबर जाणार. कापून घेऊ का? मी म्हटलं कापायला लागलास की बाकीच्या खोल्यांच्या खुणाही सरकतील, दुकानवाल्या बाईला परवा द्यायचंय, असू दे.

"खात्री आहे ना?" म्हणाला.

"तुला माझ्यावर कधीच नसते," मी म्हटलं आणि दार आपटून चहाला गेलो.

२१ मार्च

गेम आला. सकाळी दुकानाच्या पहिल्या पानावर आमच्या घराचं चित्र. दुकानवाल्या बाईनं लिहिलंय, 'कान देऊन खेळा.' थंड्या तीन वेळा पान उघडून बंद करून बघत होता, चित्र तिथेच आहे का म्हणून.

दुपारी कानसेन ताईला घेऊन आली. ताई अगदी तिच्यासारखी, फक्त कुणीतरी रंग पुसून काढल्यासारखी. आमचं सगळं हळूहळू बघितलं आणि म्हणाली, "एवढंसं घर आणि त्यात एवढे आवाज." तिचा दीर सोडायला आला होता आणि न्यायलाही तोच थांबला. ताई कुठे एकटी जातच नाही म्हणे, कुणीतरी सोबत असतंच. किती जपतात, मला वाटलं. दीर माझ्याच वयाचा, गेमचा शौकीन, बरा मुलगा. पेनड्राइव्हवर घालून एक प्रत दिली त्याला. "वाट सगळ्यांना, कुलूप नाही त्याला," म्हटलं. तो खूश झाला. "वहिनी, तुमच्या बहिणीचा गेम," म्हणून ताईला दाखवायला लागला. ताई हसली.

कानसेनला विचारलं, कधी खेळणार. म्हणाली, "सगळा खेळणार, पहिल्या खोलीपासून, माझ्या हातानं. पण महिनाभर तरी नाही रे. ताईचं एक काम आहे."

२ एप्रिल

घोडं पेंड खातंय. घेणारे थोडे, बोलणारे त्याहून थोडे. एकानं लिहिलंय, 'शांत आहे.' एकानं लिहिलंय, 'फार शांत आहे.'

ती कुठल्या खोलीत आहे कळायला मार्ग नाही. मोठ्या दुकानात असता तर दिसलं असतं, कोण कुठवर पोचलं. विचारलं तर म्हणते, अजून उघडला नाही.

८ एप्रिल

आज तिला एका माणसाच्या स्कूटरवर मागे बसलेली पाहिलं. चाळिशीचा असेल, टक्कल पडत आलेलं, हातात फायलींची पिशवी. दोघं एका नव्या इमारतीत शिरले. मी समोरच्या दुकानात उभा राहून नको असलेलं दाढीचं सामान घेतलं. बाहेर आली तेव्हा ती हसत होती. त्या माणसानं तिला एक किल्ली दिली.

किल्ली.

थंड्याला सांगितलं तर म्हणे, "घरं भाड्यानं देणारा दलाल असेल बाबा." मी म्हटलं, तिला घर आहे, तिला दुसरं कशाला लागतंय. थंड्यानं खांदे उडवले. त्याला कधी जळायलाच काही नसतं.

रात्री तिला फोन करून विचारलं, आज कुठे होतीस. "कामात," म्हणाली. मी म्हटलं, "तुझी कामं हल्ली स्कूटरवर असतात." मग म्हणाली, "हे कुणाला सांगितलंस?" मी म्हटलं, कुणाला नाही. "मग सांगू नकोस," म्हणाली आणि ठेवून दिला. लाजली नाही, चिडली नाही. घाबरली. कोण आहे तो माणूस एवढा?

१५ एप्रिल

उलटलं सगळं. चांगल्या अर्थानं.

कुणीतरी खेळणाऱ्यानं 'आवाज' फोल्डर उघडलं आणि ती लांब फाइल ऐकली. दुकानाच्या चर्चेच्या पानावर लिहिलं, 'गेममध्ये एक दडलेली गोष्ट आहे, शेवटच्या खोलीच्या मागे दोन बायका बोलतायत, ऐका.' आणि धो धो सुरू. लोक भाषा न कळता ऐकतायत. कुणी तिचं भाषांतर घातलंय ओळीओळीनं. एक जण म्हणतो, इतका खरा अभिनय मी कुठल्या गेममध्ये ऐकला नाही. दुकानवाल्या बाईनं लिहिलं की आज सगळ्यात जास्त उतरवला गेलेला गेम तुमचा.

मला राहवलं नाही, मीही तिथे लिहिलं. 'अभिनय नाही. खरा आवाज आहे, खऱ्या घरातला.' त्याखाली लोकांनी केवढी गर्दी केली.

थंड्या म्हणाला, "त्या फाइलीत नक्की काय आहे?" मी म्हटलं, घरगुती बोलणं. "तू ऐकलंयस ना अख्खं?" म्हटलं, ऐकलंय. त्यानं हेडफोन शोधले, पण ते गेम आला त्या दिवशी कानसेन घेऊन गेली होती, आणि खालच्या यंत्रांच्या घरघरीत स्पीकरवर काही कळलं नसतं. भाषांतर कुठे आहे म्हणाला. तेवढ्यात बाबांचा फोन आला. आईनं त्यांना सांगितलं होतं. म्हणाले, "लोकांना आवडतंय म्हणे." पहिल्यांदा त्यांचा आवाज पूर्वीसारखा होता. मी थंड्याला म्हटलं, नंतर वाच, आज नको.

१७ एप्रिल

ती दुपारी आली. जिन्यावर पावलं ओळखली आणि केस सारखे केले. मला वाटलं, पोचली शेवटच्या खोलीत.

थंड्या खुर्ची देऊ लागला, बसली नाही. म्हणाली, "लाव." मी गेम उघडला, शेवटची खोली, चार तुकडे लावून दिले. तू ये, काही आणू नकोस. तिनं मान हलवली. "ही नाही. फाइल लाव. सगळी."

लावली. खाली यंत्रं बंद होती, म्हणून स्वच्छ ऐकू आलं. मी ती पहिल्यांदाच पूर्ण ऐकली.

ताई बोलते त्यात. फार हळू, पण नळाच्या आवाजातूनही कळतं, एकदा कान दिला की. नवरा हात उचलत नाही, असं म्हणते. तो फक्त सगळं स्वतःजवळ ठेवतो, दाखले, फोन, येणंजाणं. छोटीला म्हणतो, आई विसरभोळी आहे, तिचं ऐकू नकोस. एप्रिलअखेर तो कामानिमित्त बाहेरगावी जाणार आहे. एका शाळेच्या ग्रंथालयात जागा मिळतेय, छोटीलाही तिथेच घेतील, शाळेचं नाव सांगते. घर तुझ्या नावावर घे म्हणते, माझ्या नावानं नको. मग रडते, आवाज दाबून. नळ बंद होतो. आणि कानसेन म्हणते, तू ये.

फाइल संपल्यावर थंड्या खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"मी पुसायला सांगितली होती," ती म्हणाली.

"मला वाटलं, तू..."

"तुला काय वाटलं ते जगानं ऐकलं. तिला काय वाटतं ते कुणाला कळायला नको होतं."

मी विचारलं, "तुझ्या भावोजींना...?"

"ताईच्या दिरानं ऐकवलं. तो काही वाईट नाहीये. वहिनीचा आवाज गेममध्ये आहे, त्यावर लोक बोलतायत, म्हणून कौतुकानं लावलं त्यानं सगळ्यांसमोर."

मी म्हटलं, काढतो, आत्ता काढतो, आजच्या आज. ती म्हणाली, "काढ." आणि टेबलावर आमचे हेडफोन ठेवून गेली. मी जिन्यापर्यंत गेलो. मी म्हटलं, मी तुझ्यासाठीच केलं हे सगळं. तिनं वळून बघितलं, अगदी ऐकताना बघते तशी, आणि उतरून गेली.

१८ एप्रिल

नवी प्रत बनवली. शेवटच्या खोलीत आता काही नाही. तुकडे लावले की शांतता सलग वाजते. दुकानवाल्या बाईनं जुनी लगेच काढून टाकली, एक प्रश्न न विचारता. चर्चेचं पानही पुसलं. मग तिनं लिहिलं, 'माझ्या हातात होतं तेवढं केलं. जे लोकांकडे गेलं ते आता त्यांचं. आपण तेच तर विकत होतो.'

मी गेमच्या पानावर लोकांना विनंती लिहिली. कृपया जुनी प्रत काढून टाका. त्याचा उलटाच परिणाम. आता सगळे जुनीच शोधतायत. 'नव्या प्रतीत शेवट कापलाय, जुनी असेल त्यानं द्यावी.' आणि देतायत. का नाही देणार? कुलूप नाही.

थंड्या पहिल्यांदा तापला. ओरडला नाही, फक्त एवढंच म्हणाला, "कापून घेऊ का विचारलं होतं मी. तू म्हणालास तिनं दिलाय." आणि मग, "मीही ऐकलं नाही. माझाही आहे तो गेम." मी म्हटलं, तू कशाला स्वतःला लावून घेतोस. तो म्हणाला, "कारण तू घेत नाहीयेस."

मी घेतोय. त्याला दिसत नाही एवढंच.

२३ एप्रिल

काय झालं ते थंड्याकडून कळलं, त्याला तिच्या आईनं सांगितलं.

भावोजींनी आरडाओरडा केला नाही. दोन्ही घरची मोठी माणसं बोलावली, बैठकीत बसवली, चहा दिला. मग फाइल लावली. ताई समोर बसलेली. मधे मधे थांबवून विचारत होते, "इथे काय म्हणाली कळलं ना?" नळाचा आवाज येत होता तिथे परत मागे घेऊन लावली. सगळं झाल्यावर म्हणाले, "मी हिला कधी बोट लावलंय का, हीच सांगते बघा यात." ताईच्या सासऱ्यांनी विचारलं, बाहेर जायची इच्छा आहे का तुझी. ताईनं नाही म्हटलं.

त्यांनी बाहेरगावचा दौरा रद्द केलाय.

२४ एप्रिल

गेलो मी. बसून राहणं माझ्यानं झालं नाही. त्यांच्या फाटकाशी उभा राहून सांगितलं सगळं, की ती बाई तुमच्या कैदेत आहे आणि आता हे सगळ्या जगाला माहीत आहे. शेजारी बाहेर आले. ते स्वतः आले, शांत, इस्त्रीचा शर्ट. मला पाणी दिलं. विचारलं, "तुम्ही माझ्या पत्नीला कधीपासून ओळखता?"

मी म्हटलं, एकदाच भेटलोय.

"एकदाच भेटलात आणि तिच्या खाजगी बोलण्याचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे?" शेजाऱ्यांकडे बघून हसले. "बसा ना आत. घाईत दिसताय."

वर एका खिडकीचा पडदा हलला. मी म्हटलं, बघा, ती ऐकतेय. ते म्हणाले, "ऐकू दे की."

काही असो, कुणीतरी तोंडावर बोलायला हवं होतं. परत येताना छाती हलकी झाली होती.

२६ एप्रिल

तिचा निरोप, थंड्याच्या फोनवर. 'त्याला सांग, तिथे परत जाऊ नकोस. ताईचं आमच्याकडे येणंही बंद झालं. ते विचारतायत, तो पोरगा कोण. यापुढे तिच्याविषयी एक अक्षर कुणाला सांगू नकोस, चांगलंसुद्धा.'

माझ्या फोनवर नाही पाठवला. मी तिला लांब पत्र लिहिलं, चार वेळा, सगळं समजावून. चौथं पाठवलं. तिनं वाचलं असेल.

११ मे

थंड्याला नोकरी लागली, एका बँकेच्या प्रणालीवर. कुलपं बनवायची, म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो नाही. सामान नेताना त्यानं स्क्रीन माझ्यासाठी ठेवली. मी म्हटलं, पुढचा गेम? तो म्हणाला, "तुझं नाव बघितलं की आता मला नळ ऐकू येतो." मी दार आपटलं नाही. आपटण्यासारखं काही बोललाच नव्हता.

त्या नव्या इमारतीवरून गेलो. दोन खोल्यांची ती जागा दलालानं दुसऱ्याला दिलीय. गॅलरीत कुणाचे तरी शर्ट वाळत होते.

३ जून

कानसेननं स्टुडिओ सोडला. काकांना भेटली होती म्हणे खाली, पण वर नाही आली. काका म्हणाले, "तुझी चौकशी केली नाही हो तिनं. मी मुद्दाम थांबलो होतो."

ती रागावलीय, राग ओसरतो. माझा नाही का ओसरत.

१९ जून

गेमला कुठल्याशा मंडळाचं मानचिन्ह जाहीर झालं. जुन्या प्रतीला. पत्रात लिहिलंय, 'ध्वनीचा विलक्षण प्रामाणिक वापर.' बाबांनी ते पान छापून घेतलं, आईनं सांगितलं. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. फोनवर ते आता जोरात बोलतात, मोकळे, आणि मी हळू.

मानचिन्ह नको म्हणून कळवलं. त्यांनी उत्तर पाठवलं की नम्रता आवडली.

३० जून

लांबच्या कुठल्याशा देशातल्या माणसाचं पत्र आलं, मोडकं तोडकं, यंत्रानं भाषांतर केलेलं. तो म्हणतो, मी नि माझी बायको मिळून खेळलो. भाषा येत नाही, पण त्या मोठ्या बहिणीचा आवाज डोक्यातून जात नाही. 'एवढंच सांगा, ती तिथून निघून गेली ना?'

अशी पत्रं रोज येतात, मी उघडत नाही. हे उघडलं. 'हो' लिहिलं आणि खोडलं. 'नाही' लिहिलं, ते कानसेननं घातलेल्या अटीत बसत नव्हतं. शेवटी लिहिलं की तो आवाज एका खऱ्या बाईचा आहे, तिला न विचारता घेतलेला आहे, आणि ती जिथे आहे तिथे तिला त्याचा त्रास होतोय. तुम्ही चांगले दिसता. फाइल काढून टाका.

दुपारी उत्तर आलं.

'तुमचं पत्र वाचून आम्हाला फार वाईट वाटलं. आता कळलं ती इतकी खरी का वाटते. माझ्या आईला ऐकवलं, ती खूप रडली, तिनं तिच्या बहिणींना पाठवलं. काढून टाकायचं आमच्या जिवावर येतं. काळजी करू नका, आमच्याकडे ती नीट जपून ठेवली आहे. तुमच्याकडची कधी हरवली तर मागा.'